पाच छाप

“कोरणाऱ्यानं दुरुस्ती करायची नाही,” मोनेबाई म्हणाल्या. “चित्र चुकलंय असं वाटलं तरी नाही. रेषा ज्याची त्याची.”

एवढं बोलून त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आमच्यापुढे धरला. डब्यात चार नावं होती. उरलेल्या चौघांनी एकेक चिठ्ठी उचलायची, म्हणजे चार जोड्या होणार, आणि जोडीतल्या दोघांनी एकमेकांचं चित्र लाकडात कोरायचं. जपानात ठशांची चित्रं पूर्वीपासून अशीच होतात म्हणे, काढणारा एक आणि कोरणारा दुसरा. मी चिठ्ठी उचलून उघडली आणि माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. आत ‘अनसूया सातपुते’ असं लिहिलेलं होतं.

“टेंबेसर, सुटलात!” शेजारून डॉक्टर हर्डीकर डोकावले. “तुमचं काम अर्ध्या दिवसात उरकणार.”

“आणि माझं चित्र तिच्या हातात जाणार, त्याचं काय?” मी म्हणालो.

हळू बोलायची तसदी मी घेतली नव्हती. दोन मेजं सोडून पलीकडे बसलेल्या अनसूयाबाईंना ते ऐकू गेलंच असणार. त्यांनी पदराला हात पुसले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा धारेच्या दगडावर पटाशी घासायला लागल्या.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची, दिवाळीच्या सुट्टीतली. कोल्हापुरातल्या एका कलाविद्यालयाचा रिकामा हॉल, जमिनीवर सतरंज्या, पुढ्यात बुटकी मेजं आणि शिकायला आलेले आम्ही आठ जण. मोनेबाई क्योटोला अकरा वर्षं राहून लाकडी ठशांची छपाई शिकून आल्या होत्या. वय साठीचं, पांढरे केस पुरुषासारखे बारीक कापलेले, बोलणं मोजकं. दहा दिवसांच्या या शिबिरातून त्या एकाची निवड करणार होत्या. तो एक जण दोन वर्षं क्योटोला, त्यांच्या गुरूंच्या कारखान्यात शिकायला जाणार होता.

तो एक जण म्हणजे मी, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. मी जी. डी. आर्ट, आमच्या वर्षात पहिला आलेला. त्यानंतरची अकरा वर्षं मी एका हायस्कुलात चित्रकला शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे फळ्यावर रंगीत खडूनं सुविचार लिहीत होतो, स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवत होतो आणि संस्थेचे अध्यक्ष वारले की त्यांची तैलचित्रं काढत होतो. या अकरा वर्षांत तीन अध्यक्ष वारले. चौथे खोकायला लागले होते. त्यांच्याआधी मला तिथून निघायचं होतं, आणि क्योटो सोडून दुसरा रस्ता मला दिसत नव्हता. शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. बिनपगारी रजेचा अर्ज लिहून खिशात तयार होता. “आणि नाही निवडलं तर?” असं मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा मी नुसता हसलो होतो.

न हसून करतो काय? माझ्यासमोर स्पर्धा तरी कुणाची होती? डॉक्टर हर्डीकर दातांचे डॉक्टर. आयुष्यभर दाढा कोरल्या, आता लाकूड कोरतो, हा विनोद ते दिवसातून दोनदा करत आणि दोन्ही वेळा स्वतःच हसत. घोरपडे नावाचे एक निवृत्त पोस्टमास्तर होते, ते गणपतीशिवाय दुसरं काही काढत नसत. कॉलेजातल्या दोन मुली प्रमाणपत्रासाठी आल्या होत्या आणि कशालाही फिदीफिदी हसत होत्या. एका बिल्डरची बायको होती. तिच्या डब्यातले दडपे पोहे तेवढे चांगले असत. आणखी एक जण होता, त्याचं नावसुद्धा आता आठवत नाही, इतका तो बेताचा होता.

आणि अनसूयाबाई. कागलजवळच्या एका गावात कोल्हापुरी चपला करणाऱ्या. पंचेचाळिशीच्या, सावळ्या, रुंद हातांच्या. शिबिरात एक जागा कारागिरांसाठी राखून ठेवली होती, तिच्यावर त्या आल्या होत्या. पहिल्या दिवशी मोनेबाईंनी हत्यारं वाटली, तर यांनी पिशवीतून स्वतःची कातडं कापायची रापी काढून विचारलं, “हिनं चालंल का वो?” मुली हसल्या. मीही हसलो. चपलांचे तळ कापणाऱ्या बाईला कलेत आणून बसवायचं, आणि मग कला तळागाळात पोचली म्हणून भाषणं करायची, हे असले उद्योग मला पुरते ठाऊक होते.

चिठ्ठ्या निघाल्या तो चौथा दिवस. त्याच दुपारी ज्याचं चित्र त्यानं ठोकळ्यावर चिकटवायचं होतं. त्याची एक रीत असते. चित्र पातळ कागदावर काढलेलं असतं. ठोकळ्याला तांदळाची खळ लावून तो कागद पालथा, चित्राची बाजू खाली करून चिकटवायचा. जरा वाळला की वरचा पापुद्रा बोटानं चोळून काढायचा, म्हणजे खालच्या रेषा दिसू लागतात. मग रेषा तेवढ्या ठेवायच्या आणि भोवतालचं लाकूड काढून टाकायचं. लाकडाबरोबर कागदही जातो. शेवटी ठोकळा उरतो, चित्र उरत नाही.

“मूळ चित्र जाईल,” मोनेबाई प्रत्येकाजवळ थांबून बजावत होत्या. “पुन्हा मिळणार नाही. चालेल ना?”

“पाच छाप निघत्यात न्हवं?” अनसूयाबाईंनी विचारलं.

“पाच काय, शंभर निघतील.”

“शंभर नगंत. पाच बास.” त्यांनी पिशवी पुढे ओढली. “मग चालंल.”

त्यांनी पिशवीतून एक गुंडाळी काढली. पतंगाचा पिवळा कागद होता. त्यावर पेन्सिलीनं काढून नंतर शाईनं गिरवलेले दोन पाय, वरून पाहिल्यासारखे, शेजारीशेजारी. पायांच्या वर माणूस नाही, खाली जमीन नाही. नुसते पाय. मोनेबाईंनी तो कागद बराच वेळ हातात धरला, दोनदा उजेडाकडे नेला, आणि काही न बोलता परत दिला. मला वाटलं, काय बोलावं हेच त्यांना सुचलं नसेल.

कागद चिकटवून अनसूयाबाईंनी ठोकळा माझ्या पुढ्यात आणून ठेवला.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“पाय हायत, सर.”

“ते दिसतंय. पण असा अंगठा कुणाला असतो का?”

अंगठा बाकीच्या बोटांना सोडून चांगला दोन बोटं लांब गेला होता, हाताचा असावा तसा. त्याच्या शेजारचं बोट आखडून आत वळलेलं. टाचांना भेगाच भेगा, त्याही मन लावून एकेक काढलेल्या. डावं पाऊल उजव्यापेक्षा रुंद. माझ्या पाचवीच्या मुलांनी असा पाय काढला असता तर मी वही परत फेकली असती.

“असतोय की,” अनसूयाबाई म्हणाल्या. “आता हे बगा, आमचं दादा—”

मी हात वर केला. “अनसूयाबाई, चित्रानं बोलायचं असतं. काढणाऱ्यानं शेजारी उभं राहून ते समजावून सांगायचं नसतं.”

हे वाक्य मी दर वर्षी नववीच्या वर्गाला ऐकवत असे. मुलं गप्प बसत. अनसूयाबाईही बसल्या.

“बरं,” त्या म्हणाल्या. “तेवढं पाच निघाया पायजेत, सर. पुढल्या महिन्यात समदी भावंडं जमत्यात. पाच जण हाव आमी.”

“निघतील, निघतील,” मी म्हणालो आणि तो ठोकळा मेजाखाली सरकवून दिला.

माझं चित्र होतं पन्हाळ्याच्या तीन दरवाजाचं. दगड न् दगड, कमानीवरची नक्षी, सावलीसाठी हजारो बारीक आडव्याउभ्या रेघा. तीन दिवस मान वर न करता काढलं होतं. मोनेबाईंनी ते पाहून “रेषा पुष्कळ आहेत” एवढंच म्हटलं, आणि मी ते कौतुक समजलो. असलं चित्र चांभारकामाच्या हाताखाली जाणार म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. मी येताजाता त्यांच्या मेजाशी घुटमळायचो, काही बिघडलंय का ते शोधायचो. बिघडलं असतं तर मोनेबाईंकडे तक्रार करून दुसरी जोडी मागता आली असती.

बिघडत नव्हतं. अनसूयाबाई सकाळी आठाला येऊन बसत. एक पाय मुडपलेला, दुसरा पुढे काढून त्यानं ठोकळा दाबून धरलेला. पटाशी अशी चालत होती की लाकडाचा आवाजसुद्धा होत नव्हता. दुपारी बिल्डरची बायको पोहे घेऊन आली तरी त्या “ठिवा, खाती” म्हणायच्या आणि पोहे सुकून जायचे.

सहाव्या दिवशी मला हवं ते सापडलं. दरवाजावरचं आभाळ त्यांनी सगळं साफ केलं होतं, पण त्यात एक ठिपका तसाच उभा होता. मोहरीएवढा.

“हे काय?”

“ठिपका.”

“माझ्या चित्रात ठिपका नाही.”

“हाय की, सर. उजव्या बुरुजाच्या वर. तुमचाच हाय.”

तेव्हा मला आठवलं. टाक झटकताना एक शिंतोडा उडाला होता खरा. “अहो, शाई उडाली असेल ती! एवढंही कळू नये? काढून टाकायचा.”

“आमाला काय ठावं, शाई उडाली का तुमी काडला. बाई म्हणल्यात, रेषा ज्याची त्याची. म्हणून ठिवला.” आणि मग अजिजीनं म्हणाल्या, “मला वाटलं, पाखरू असंल.”

मुली फिसकन हसल्या. आवाज ऐकून मोनेबाई आल्या, चष्मा लावून वाकल्या आणि त्यांनी त्या ठिपक्यावरून करंगळी फिरवली.

“रिकाम्या आभाळात एवढासा ठिपका एकटा उभा ठेवायला मला दीड वर्ष लागलं होतं,” त्या म्हणाल्या. “दर वेळी उडून जायचा.”

मग त्या अनसूयाबाईंच्या शेजारी खाली बसल्या आणि पुढची पंधरा मिनिटं तिथेच बसून राहिल्या. माझ्याकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

मी जळफळलो. हे कबूल करायला आता लाज वाटत नाही, आता लाज वाटायला दुसऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत. माझ्या उडालेल्या शिंतोड्याचं कौतुक होत होतं, आणि माझ्या हजार रेषा कुणाच्या खिजगणतीत नव्हत्या. शिवाय आता मला दुसरीच धास्ती पडली. मोनेबाई निवड करणार ती ठोकळे आणि छाप पाहून. माझ्या नावावर ठोकळा येणार होता तो त्या विद्रूप पायांचा. मी तो कितीही सफाईनं कोरला तरी लोकांना दिसणार होता तो वाकडा अंगठाच.

सातव्या दिवशी सकाळी मी मेजाखालून तो ठोकळा काढला, कागद चोळून रेषा वर आणल्या, आणि ब्रशनं त्या दुरुस्त करायला घेतल्या. नियम माझ्या लक्षात होता. पण नियम असतात ते हर्डीकरांसारख्यांनी अक्कल पाजळू नये म्हणून, ज्याला शरीररचना कळते त्याच्यासाठी नाहीत, असं माझं मत होतं. शिकलेला हात रद्दड चित्राचंही काय करू शकतो, ते मोनेबाईंना दिसणार होतं.

नमुन्याला पाय हवा होता. मी सतरंजीवर माझाच पाय लांब केला आणि त्याच्याकडे बघत रेषा बसवल्या. अंगठा आणून बोटांना भिडवला. आखडलेलं बोट सरळ केलं. माझं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून चांगलं लांब आहे. जुन्या ग्रीक पुतळ्यांचं असंच असतं, आणि त्याचा मला कॉलेजपासून अभिमान होता. तसंच केलं. दोन्ही पावलं सारख्या मापाची केली. भेगा काढून टाकल्या, शोभेला म्हणून दोन ठेवल्या. मग दोन दिवस बसून कोरलं, आणि खोटं कशाला बोलू, फार सुरेख कोरलं. नखांच्या कडा केसासारख्या आल्या होत्या.

अनसूयाबाई या दोन दिवसांत एकदाही डोकावल्या नाहीत.

“बघायचंय का?” शेवटी मीच विचारलं. मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

“नगं, सर. छापल्यावरच बगती. तुमी शिकलेलं, चांगलंच करशीला.”

नवव्या दिवशी छपाई होती. कागद आदल्या दिवशी पाण्यानं दमट करून ओल्या रद्दीत दाबून ठेवलेले होते. ठोकळ्यावर ब्रशनं शाई आणि खळ पसरायची, ठोकळ्याच्या कोपऱ्यातल्या खाचेत कागदाचा कोपरा बसवायचा, आणि पाठीवरून बांबूच्या सालीत बांधलेली गोल चकती दाबून फिरवायची. पहिला मान पोस्टमास्तर घोरपड्यांनी घेतला. कागद उचलला तो गणपती उजव्या सोंडेचा! गृहस्थांनी पालथा चिकटवायचा कागद उताणा चिकटवला होता.

“अरे देवा,” ते कपाळाला हात लावून म्हणाले, “आता याचं सोवळं कोण सांभाळणार? आमची ही घरात घेणार नाही!”

सगळा हॉल हसला. मी सर्वांत मोठ्यानं हसलो. त्या हसण्यातच अनसूयाबाईंनी आपला कागद बसवला, चकती फिरवली आणि दोन कोपरे धरून तो हलकेच उचलला.

छाप स्वच्छ आला होता. त्यांनी तो मांडीवर घेतला. मी कौतुकाची वाट बघत होतो. मग त्यांनी आपली दोन बोटं जुळवली आणि छापातल्या अंगठ्याच्या नि शेजारच्या बोटाच्या मधे ठेवून पाहिली. बोटं मावेनात. दुसऱ्या पावलाशीही त्यांनी तसंच केलं.

“सर, हे कुणाचं पाय?”

“तुमच्याच चित्रातले. जरा नीट केलेत.”

“नीट?”

“अंगठा तसा नसतो, अनसूयाबाई. माणसाच्या पायाची एक रचना असते. हाडं असतात—”

“आमचं दादा चाळीस वर्सं अंगठ्यात कातडं धरून रापी चालवत हुतं,” त्या म्हणाल्या. “मग अंगठा तसाच हुतोय. माजा बगा.”

त्यांनी पाय पुढे केला. अंगठा बाकीच्या बोटांना सोडून वेगळा उभा होता. नऊ दिवस हा पाय माझ्यासमोर होता, त्यातले पाच दिवस माझाच ठोकळा धरून. मी त्यांची पटाशी पाहिली होती, चुका शोधल्या होत्या, पाय पाहिला नव्हता.

“त्येंच्या पायाला दुकानातली चप्पल कवा बसली न्हाई,” अनसूयाबाई छापाकडे बघत म्हणाल्या. “ह्या पायाला कुठल्याबी दुकानात मिळतीया.”

“बरं, बरं. चुकलं असेल माझं.” मी आवाज खाली आणला. मोनेबाई हॉलच्या दुसऱ्या टोकाला होत्या. “दुसरा कागद द्या मला. रात्रभर बसतो आणि उद्या तसाच्या तसा कोरून देतो.”

“दुसरा कुठला, सर? त्यो काय मी काडलेला हुता?”

मग त्यांनी सांगितलं. नवव्या दिवशी सांगितलं, कारण चौथ्या दिवशी मी सांगू दिलं नव्हतं. त्यांचे वडील, म्हणजेच हे दादा, दोन महिने अंथरुणावर होते. मरायच्या आदल्या दिवशी त्यांनी नव्या चपलेचा हट्ट धरला. माप घ्यायला घरात दुसरा कागद नव्हता, पुतण्याचा पतंगाचा होता. दोघा भावांनी बगलेत हात घालून म्हाताऱ्याला त्या कागदावर उभं केलं, आणि यांनी पावलांभोवती पेन्सिल फिरवली, नखं न् भेगाही तिथेच बघून काढल्या.

“म्हणलं, नवा जोड करून घालती. जोड व्हायच्या आत गेलं.” त्या हे सगळं अगदी सपाट आवाजात सांगत होत्या. “फोटो न्हाई त्येंचा. कागद एक आन् भावंडं पाच. मी उतरवून बगितलं, धा खेपा बगितलं. दर खेपंला पाय बदलायचा. हितं जसंच्या तसं निघतंय म्हणाली माणसं, म्हणून आली.”

मला त्या वेळी काय वाटलं असेल, याचा अंदाज कुणीही करील. लाज वाटली असेल, गलबलून आलं असेल. तसं काही नाही. मी मान वळवून पाहिलं, मोनेबाई कुठवर आल्यात ते. त्या हर्डीकरांच्या मेजापाशी होत्या. म्हणजे आमच्यापासून दोन मेजं दूर.

“अनसूयाबाई, हे आपण नंतर बोलू,” मी म्हणालो. “तूर्तास बाईंना काही—”

त्या ऐकत नव्हत्या. त्या माझ्या पायाकडे बघत होत्या. मी मांडी घालून बसलो होतो आणि एक पाऊल बाहेर आलं होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग छापाकडे पाहिलं. जन्मभर ज्या बाईनं पायांची मापं घेतली तिला आणखी बघायची गरज नव्हती.

“हे तुमचं पाय हायत,” त्या म्हणाल्या.

मी पाऊल पँटखाली ओढून घेतलं. त्याचा काही उपयोग नव्हता.

“आमी भावंडं ह्येला हळदकुंकू लावणार हुतो,” अनसूयाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मुलींचं हसणं थांबलं होतं. “पाच घरांत तुमच्या पायावं डोकं ठिवायचं व्हय आमी? आजवर ठिवलं तेवढं बास झालं, सर.”

माझ्यावर इतकं उघड कुणी थुंकलं नव्हतं, आणि थुंकणारी बाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती ओल्या छापाची कड सरळ करत होती.

तेवढ्यात मोनेबाई आल्या. त्यांनी तो छाप हातात घेतला, उजेडाकडे नेला. पिवळा कागद नेला होता तसाच. नखांच्या कडांवर त्यांची नजर थांबलेली मी पाहिली, आणि अशाही स्थितीत माझ्या मनात आशा आली.

“कोरीव काम सुरेख आहे,” त्या म्हणाल्या. “कुणाचं?”

“सरांचं,” अनसूयाबाई म्हणाल्या.

खिशात रजेचा अर्ज होता. आता ही बाई तोंड उघडणार, रडणार, वडिलांचं सांगणार, सगळा हॉल गोळा होणार. मी मनातल्या मनात बचाव जुळवायला लागलो होतो. कागद खराब होता, रेषा पुसट होत्या, पालथ्या बाजूनं नीट कळत नव्हतं. या प्रत्येकावर मला थोडंफार बोलता आलं असतं.

“आणि चित्र?” मोनेबाईंनी विचारलं.

अनसूयाबाईंनी चकती पुसून जागच्या जागी ठेवली.

“ते बी सरांचंच हाय,” त्या म्हणाल्या.

मोनेबाईंनी चष्मा काढला. मग वाकून त्यांनी तो छाप माझ्या पुढ्यात ठेवला, कोपरे जुळवून, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसा.

“मग हा तुम्हीच घेऊन जा, टेंबे,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या मेजाकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी समारंभ झाला. क्योटोसाठी नाव निघालं ते दातांच्या डॉक्टरांचं. हर्डीकरांनी भाषणात दाढांचा विनोद त्या दिवसात तिसऱ्यांदा केला आणि लोक हसले. मी टाळ्या वाजवल्या. आठवड्यानं शाळा उघडली, आणि त्या वर्षीच्या माघात चौथे अध्यक्ष वारले.

अनसूयाबाई समारंभाला नव्हत्या. छपाई झाली त्याच दुपारी त्यांनी माझ्या तीन दरवाजाचा ठोकळा कापडात गुंडाळून माझ्या मेजावर आणून ठेवला. पायांचा ठोकळा पाण्यानं धुतला, शाईचा डाग राहू दिला नाही, आणि तोही शेजारी ठेवला. दमट रद्दीत त्यांच्या वाटणीचे चार कागद अजून कोरे होते. त्यांनी ते मुलींना देऊन टाकले, पायात चपला घातल्या आणि कागलची एसटी गाठायला निघून गेल्या.